दिवा विझल्यावरचे बोलणे

मासळीबाजारात मला कोणी मासे विकत नसे, ही माझ्या कामाला मिळालेली सगळ्यात मोठी पावती होती. रेडिओवर मी दोन्या कासिल्दा होते. सावत्र मुलीला खाऱ्या विहिरीचे पाणी पाजणारी, नवऱ्याच्या रश्शात विष कालवणारी आणि रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारी. दुपारचे जेवण झाले की आमचे अख्खे सेबू शहर माझ्या नावाने बोटे मोडत असे. पासिलच्या बाजारातली बेबांग तर मी दिसले की तुलिंगान माशांच्या टोपलीवर ओले पोते टाकायची आणि म्हणायची, मासे संपले. पोत्याखालून शेपट्या दिसत असायच्या. मी रिकाम्या हाताने घरी यायचे आणि बहिणीला सगळे साग्रसंगीत सांगायचे. ती पोट धरून हसायची, कारण कासिल्दा तिची होती.

हे बाहेर कोणाला ठाऊक नव्हते. माझी बहीण रुफिना नोंग बाल्बिनच्या घरी धुणे धुवायला जायची. नोंग म्हणायचे ते तो वयाने मोठा म्हणून, बाईला नांग म्हणतात तसे. मनात मान असलाच पाहिजे असे नाही. बाल्बिन आमचा दिग्दर्शक, नायक आणि निवेदकही. एकदा तो कागद फाडत बसला होता, पुढचा भाग काही केल्या सुचत नव्हता. रुफिना धुण्याच्या दगडावरूनच म्हणाली, कासिल्दा त्या पोरीला मारणार नाही, तिला नवा फ्रॉक शिवून देईल, म्हणजे पोरगी जास्त घाबरेल. बाल्बिनने तिला हात पुसून जेवणाच्या टेबलाशी बसवले. त्या दिवसापासून ती सकाळी त्याचे कपडे धुवायची आणि दुपारी त्याची नाटके लिहायची. कागदावर नाव त्याचे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी असा इस्त्रीच्या शर्टात पाहिला.

रुफिनाने कधी काही मागितले नाही. मागितले ते एकदाच, आजारी पडल्यावर. मालिकेचा शेवटचा भाग होता. तिने बाल्बिनला निरोप पाठवला की शेवटी लेखनात एकदा माझे नाव घ्या. त्याने होकार कळवला. ती उशाशी रेडिओ घेऊन पडली आणि मी स्टुडिओत गेले.

आता स्टुडिओची रीत सांगते. दारावर लाल दिवा असायचा. तो पेटला की माइक जिवंत, बोलणे थेट रेडिओवर आणि सोबत टेपवरही. मग संहितेबाहेरचा एक शब्द नाही, खोकला नाही, आणि पायात काटा रुतला तरी ओरडायचे नाही. दिवा विझला की टेप थांबली. मग मात्र कोणी काहीही बोलावे. शिव्या, उखाळ्यापाखाळ्या, कोणाचे कोणाशी चालले आहे ते, सगळे. आणि विझल्या दिव्याखालचे बोलणे बाहेर न्यायचे नाही. हा नियम आमच्यापैकी कोणी कधी मोडला नव्हता. पाद्रीबाबांपाशी दिलेली कबुली एक वेळ फुटेल, पण ही नाही.

तर शेवटचा भाग संपत आला. मी माइकच्या एका अंगाला आणि बाल्बिन समोरच्या अंगाला. त्याने निवेदन वाचायला घेतले. लेखन, असे म्हणून तो थांबला, माझ्याकडे बघितले आणि स्वतःचे नाव घेतले. दिवा लाल होता. माझ्या तोंडात शब्द होते, पण इतक्या वर्षांच्या सवयीने जबडा उघडू दिला नाही. घरी आले तेव्हा रुफिनाने रेडिओ बंद करून ठेवला होता. ती एवढेच म्हणाली की बाल्बिनचा आवाज आज छान लागला होता. त्याच आठवड्यात ती गेली. त्या दिवशी मी जो डूख धरला तो धरलाच.

पुढे स्टेशन नव्या इमारतीत गेले आणि जुने सामान अंगणात फेकले गेले. मी जाऊन तो माइक उचलला आणि दारावरचा लाल दिवाही काढून आणला. पहारेकरी म्हणाला, न्या नांग, तेवढाच कचरा कमी. माइक टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवला. त्याचे काय करायचे हे तेव्हा मलाही माहीत नव्हते.

मग यंदा गावभर झाले की फिएस्टाच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या वेळी बाल्बिनचा सत्कार आहे. कासिल्दाचा जन्मदाता म्हणून. त्याआधी मालिकेचा एक नवा भाग इंटरनेटवर यायचा होता. आमची माणसे दुबईत आहेत, हाँगकाँगात आहेत, त्यांना तो तिथे ऐकता येणार. बाल्बिन माझ्या दारात आला तो माइक मागायला. लोकांना जुना आवाज हवा आहे, नव्या माइकांत मी पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा वाटतो, असे म्हणाला. मी म्हटले, माइक घराबाहेर जाणार नाही. तुम्ही या, माझ्या भाचीकडे कॉम्प्युटर आहे. तो खूश झाला. चहा न घेता गेला, तेवढेच बरे.

भाची म्हणजे जोव्हेलिन, रुफिनाचीच मुलगी. कॉल सेंटरमध्ये काम करते आणि माझ्याजवळ राहते. सत्काराची बातमी कळल्यापासून ती भांडी आदळत होती. आईचे नाव कुठेच नाही, आणि कागदांचा पुरावा म्हणावा तर ते सगळे बाल्बिनच्या घरी वादळात भिजून गेलेले. ती म्हणाली, तू त्याला आपल्या घरात बोलावलेस? मी म्हटले, माइक तर जोडू आधी.

पण तो जोडायचा कसा? जुना माइक म्हणजे हट्टी म्हातारा. वजनाला इस्त्रीएवढा, मागे तीन पिनांची जाड खुंटी, आणि जोव्हेलिनच्या लॅपटॉपला काय, तर काडी जाईल एवढे एक छिद्र. गल्लीतला ओस्तिंग लोकांच्या घरची कराओकेची यंत्रे दुरुस्त करतो. त्याने एक वायर कापून दोन टोके सांधून दिली. लावली तर माझा आवाज विहिरीच्या तळातून मुंगीने हाक मारावी तसा, आणि त्यावर गांधीलमाशीची गुणगुण. ओस्तिंग म्हणाला, माइक मेलाय, नांग. मी म्हटले, मेला असशील तू.

जोव्हेलिनने कोलोन रस्त्यावरून एक डबी आणली. एका बाजूला माइकची जाड वायर घ्यायची आणि दुसऱ्या बाजूने कॉम्प्युटरला द्यायची. त्या डबीवर एक बटण होते. दुकानदाराने बजावले होते की माइक जुना असेल तर हे आधी दाबा, त्याने माइकला वीज जाते. तिचे बोट बटणावर होते तेव्हा मी ते धरले. आमचे स्टेशनचे मिस्तरी नोंग तिबो सांगायचे की ह्या माइकच्या पोटात चुंबकांमध्ये एक पट्टी आहे, सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीहून पातळ. ह्याला वीज पाजायची नाही. वायरीत कुठे काही उलटसुलट असेल तर एका झटक्यात पट्टी ताणून जाईल आणि मग रडत बसा. आणि आमची वायर ओस्तिंगने सांधलेली. मी त्या बटणावर जखमेला लावायची चिकटपट्टी चिकटवून टाकली.

डबीवरचा आवाज वाढवायचा कान पूर्ण पिळला तेव्हा आवाज आला, पण लांब कुठेतरी मासे तळत असल्यासारखी चरचर सोबत घेऊन. मग मी जुन्या सवयीने माइकच्या जवळ गेले, तोंड वीतभर अंतरावर. आवाज खाली उतरला, रुंद झाला. गुणगुण तरीही होतीच. जोव्हेलिनने लॅपटॉपची चार्जरची पिन भिंतीतून काढली आणि ती कापल्यासारखी थांबली. लॅपटॉपचा पंखा घरघरत होता म्हणून त्याला उचलून स्वयंपाकघरात नेले आणि वायर दाराखालून घेतली. भिंतींना झोपायच्या चटया टांगल्या. शेजारणीच्या कोंबड्याला टोपलीखाली घालायचे ठरले, आणि तिच्या नवऱ्याचे गाणेही त्या दुपारपुरते बंद. मग जोव्हेलिनने मला माझाच आवाज ऐकवला. कासिल्दा हसत होती. मला रडू येईल असे वाटले होते, पण आला तो राग. एवढा आवाज इतकी वर्षे टॉवेलात पडून होता आणि तो माणूस फुलांचे हार घालून घेत होता.

तेव्हा जोव्हेलिन सहज बोलून गेली, "तिया, हे एकदा चालू केलं की चालूच राहतं बरं का. आपण बंद करेपर्यंत सगळं घेतं. नको असेल ते मागाहून कापायचं."

मी तिला ते पुन्हा सांगायला लावले. आमच्या काळी टेप जपून वापरायची, म्हणून दिव्याबरोबर टेप थांबायची. इथे थांबायचे कारणच नव्हते. मी कपाटातून लाल दिवा काढला आणि ओस्तिंगकडून दारावर लावून घेतला. वायर साध्या बटणाला, बटण माझ्या खुर्चीपाशी. दिव्याचा कॉम्प्युटरशी काडीचाही संबंध नव्हता. जोव्हेलिनने विचारले, हा कशाला? मी म्हटले, नोंग बाल्बिनला दिव्याची सवय आहे. पाहुण्याची सोय बघायला नको?

तो दुपारी आला. केसांना कलप, शर्टाला कडक इस्त्री. माइक बघून त्याने त्याच्यावरून हात फिरवला, मग वर दाराकडे पाहिले आणि दिवा बघून त्याचा चेहरा उजळला. म्हणाला, "पोन्सा, तू खरी आमच्यातली." मी म्हटले, बसा. खुर्च्या मी माइकच्या दोन अंगांना समोरासमोर ठेवल्या होत्या. ह्या माइकला दोन तोंडे आहेत, पुढचे जेवढे ऐकते तेवढेच मागचे. कॉम्प्युटर कुठे आहे हे त्याने विचारलेही नाही. यंत्राचे काम यंत्रवाल्यांचे, त्याला कलावंताने हात लावू नये, असे तो स्टुडिओतही म्हणायचा.

स्वयंपाकघरात जोव्हेलिन कानाला हेडफोन लावून बसली. मी दिवा पेटवला. आम्ही तो भाग केला, जुन्याच प्रसंगांतून जुळवलेला, आणि बाल्बिन नट म्हणून अजूनही चांगला आहे हे मला कबूल करावे लागते. शेवटच्या वाक्यानंतर दोन श्वास थांबून मी बटण दाबले. दिवा विझला. बाल्बिनने गळ्याचे बटण सोडले, पाय पसरले आणि एक सणसणीत शिवी हासडली. कोकोचा कप मी त्याच्या हातात तिथेच, माइकच्या तोंडाशी दिला.

आधी मी गोड बोलून पाहिले. एवढे कसे सुचायचे हो तुम्हाला, असे विचारले. तो म्हणाला, देवाची कृपा. बघा, दिवा विझलेला, समोर मी, सगळे माहीत असलेली, आणि तरी हा खोटेच बोलतो. खोटे इतके अंगवळणी पडले होते की तो ते आता खरे समजत असावा. गोडाने काम होणार नाही हे कळले. मग मी कासिल्दाला बोलावले.

"बरं झालं रुफिना गेली," मी म्हटले. "नाहीतर आज सत्कारात वाटा मागायला आली असती. काय लिहायची ती? धुणंसुद्धा धड येत नव्हतं. लिहिणं काय येणार तिला."

त्याने कप खाली ठेवला. "असं बोलू नये, पोन्सा."

"का बोलू नये? माझीच बहीण, मी नाही बोलणार तर कोण? तो कासिल्दाच्या आईच्या मरणाचा भाग आठवतो? भिकार. मला तर वाचताना लाज वाटत होती. तुम्ही सावरून घेतलं म्हणून चाललं."

"मी?" बाल्बिन पुढे सरकला. त्याचे तोंड आता माइकपासून वीतभरच होते. "त्यातला एक शब्द माझा नाही. ताप होता तिला त्या दिवशी. डोक्याला ओला फडका बांधून माझ्या टेबलावर लिहिला तिने. मी एक ओळ बदलून पाहिली, सगळा भाग कोसळला. पुन्हा तिचीच घातली. कासिल्दा तिची, विहीर तिची, सगळं तिचं. तुला गं काय कळतं त्यातलं? तू नुसती हसायचीस."

"मग शेवटी तिचं नाव का नाही घेतलंत? शब्द दिला होतात."

त्याने कप उचलला, पुन्हा ठेवला. मग अगदी हळू म्हणाला, "घेणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं. मग वाटलं, आज धोबिणीचं नाव घेतलं तर उद्या लोक विचारतील, मग बाल्बिनचं काय? माझं काहीच नव्हतं, पोन्सा. आवाज सोडला तर काहीच नाही."

मला त्याची दया आली असे म्हणायला हवे, पण नाही आली. रुफिनाने आपल्या हाताने रेडिओ बंद केला होता, तेवढेच माझ्या डोळ्यांपुढे होते. मी म्हटले, कोको निवतोय.

तो गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. जोव्हेलिनने हेडफोन गळ्यात घेतले होते आणि डोळे लाल होते. आईबद्दल असे बोलवले कसे तुला, असे तिने विचारले. मी सांगितले की त्याच्या घशातून खरे काढायला दुसरा गळ नव्हता. ते तिला पटले, पण ती माझ्याजवळ आली नाही. थोड्या वेळाने म्हणाली की तुझे बोलणे मी कापून टाकते, फक्त त्याचे ठेवते. मी विचार केला. जोडून घेतलेले आहे असे तो म्हणाला असता. माझे वाक्य काढले की त्याचा राग कशावर ते कळणार नाही. मी म्हटले, काही कापू नकोस. माझ्यासकट जाऊ दे.

जोव्हेलिनने भाग इंटरनेटवर टाकला. नाटक संपले, बटण दाबल्याचा आवाज आला, आणि त्यापुढे सगळ्या जगाने ते ऐकले जे विझल्या दिव्याखाली बोलले गेले होते.

बाल्बिनने मोठी चूक केली. गप्प बसता तर काही दिवसांत विसरले असते लोक. पण तो चर्चच्या दारात, नाश्त्याच्या टपरीवर, सत्काराच्या मंडळींपुढे एकच सांगत सुटला: "दिवा बंद होता! दिवा बंद असताना बोललो मी ते!" ज्याने त्याने विचारले, म्हणजे बोललात ना? सत्काराच्या फलकावरून त्याचे नाव गुपचूप उतरले. स्टुडिओतल्या जुन्या मंडळींनी मात्र माझ्याशी बोलणे टाकले. विझल्या दिव्याखालचे बाहेर नेले म्हणून. त्यांचे बरोबरच आहे. नियम मी मोडला, आणि समजून उमजून मोडला.

मग एका सकाळी तो पुन्हा आला. ह्या वेळी कलप नव्हता.

"तोडगा आहे," तो म्हणाला. "तू म्हण, ते सगळं नाटकातलंच होतं. दोघांनी बसवलेला प्रसंग. तू नट, मी नट, कोण नाही म्हणेल? लोक तुला काय बोलतायत, ऐकलंयस ना? सख्ख्या बहिणीला भिकार म्हणाली म्हणतात. एका वाक्यात तूही सुटशील, मीही सुटेन."

वाईट इतकेच होते की त्यातले अर्धे खरे होते. माझे नाटकच होते. ते सांगायला माझा जीव तुटत होता. जोव्हेलिनला माहीत होते तरी घरातही काहीतरी उरले होते, ती जेवताना माझ्याकडे बघायची नाही. पण माझे नाटक म्हटले की त्याचेही नाटक झाले, आणि रुफिना पुन्हा धुण्याच्या दगडावर गेली.

"मी मनापासून बोलले होते," मी म्हटले. "तुम्हीही."

"पोन्सा, जन्मभर शिव्या खाशील."

"सवय आहे, नोंग. तिनेच लावली."

तो उंबऱ्यात उभा राहिला, वर दाराकडे बघितले, त्या दिव्याकडे, आणि गेला.

फिएस्टाच्या आदल्या दिवशी मी पासिलच्या बाजारात गेले. बेबांग आता म्हातारी झाली आहे, गुडघे धरून बसते. टोपलीत तुलिंगान चकचकत होते. मी दोन दाखवले. तिने मान वर करून मला ओळखले, मग बाजूचे ओले पोते ओढून टोपलीवर टाकले.

"संपले," ती म्हणाली. शेजारच्या कोळणी बघायला लागल्या तशी ती मोठ्याने बोलली, "रुफिनाबद्दल असं बोलणारीला बेबांग मासा विकत नसते. सगळं तिनं लिहिलं, आपण इतकी वर्षं ऐकलं, आणि ही सख्खी बहीण म्हणे. जा, बाई, जा."

मागून आणखी एकजण म्हणाली, बिचारी रुफिना. मग तिसरी म्हणाली, कासिल्दाच्या आईच्या मरणाला मी दोन दिवस जेवले नव्हते, ते त्या रुफिनानेच लिहिलेले.

मी माझी टोपली रिकामीच घेऊन घरी आले. जोव्हेलिनने विचारले, मासा कुठे? मी सांगितले की बेबांगने दिला नाही, आणि काय म्हणाली तेही शब्दाला शब्द सांगितले, तिच्या आईला सांगायचे तसे. ऐकता ऐकता ती माझ्याकडे बघायला लागली. मग तिने चूल पेटवली आणि आम्ही दोघींनी भाताबरोबर अंडी खाल्ली.